मांजारो लिनक्सवर सीडी रायटर सीडी वाचतो, परंतु लिहीत नाही. कोणता ड्रायव्हर टाकावा?

ग्रंथसेविका (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्यातील सार्वजनिक वाचनालयात जुन्या व्याख्यानमालांच्या ध्वनिफिती आहेत. त्या संगणकावर उतरवून घेण्याचे काम पूर्ण झाले आहे. बरेच ज्येष्ठ सभासद मोबाइलवर ऐकायला तयार नाहीत, पण त्यांच्या घरी सीडी प्लेअर चालू स्थितीत आहेत. म्हणून निवडक व्याख्यानांच्या ऑडिओ सीडी करून त्या देवघेव विभागात ठेवाव्यात, असे समितीने ठरवले आहे. वाचनालयातील संगणक जुना असून त्यावर पूर्वी विंडोज ७ होते. आता त्यावर मांजारो लिनक्स (केडीई आवृत्ती) आहे आणि सर्व अद्ययावत केलेले आहे. डीव्हीडी रायटर संगणकाच्या आतलाच आहे व तो साटा केबलने जोडलेला आहे.

अडचण अशी आहे की हा रायटर सीडी आणि डीव्हीडी व्यवस्थित वाचतो, फाइल्स उघडतात, गाणी वाजतात. के३बी या सीडी लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्येही रायटरचे नाव दिसते. मात्र कोरी सीडी घालून लेखन सुरू केले, की काही क्षणांतच काम थांबते आणि तपशिलाच्या खिडकीत ‘कॅनॉट ओपन ऑर यूज स्कझी ड्रायव्हर’ असा संदेश येतो. टर्मिनलवर ‘सीडीरेकॉर्ड -स्कॅनबस’ ही कमांड दिली, तरी हाच संदेश मिळतो. रायटरच्या कंपनीच्या संकेतस्थळावर लिनक्ससाठी ड्रायव्हर नाही. इंटरनेटवर शोधल्यावर बूटच्या ओळीत ‘एचडीसी=आयडीई-स्कझी’ असे लिहावे, असा सल्ला अनेक ठिकाणी सापडला; तो अमलात आणावा का, आणि स्कझीचा ड्रायव्हर नेमका कोठून मिळवावा, हे कृपया सांगावे. आमचा रायटर तर स्कझी (उपकरणे जोडण्याची एक जुनी पद्धत) नाहीच, हाही माझ्यासमोरचा एक प्रश्न आहे.

मुळाक्षर

नमस्कार. आधी नकारात्मक भाग सांगून टाकतो: ‘एचडीसी=आयडीई-स्कझी’ ही ओळ अजिबात घालू नका. तो सल्ला कर्नल (लिनक्सचा गाभा) २.४ च्या काळातला आहे. त्या वेळी आयडीई या साटापूर्वीच्या केबलवरचे रायटर कर्नलला निराळ्या पद्धतीने दिसत असत आणि सीडी लिहिणारे प्रोग्रॅम मात्र फक्त स्कझीच्या भाषेत बोलत असत, म्हणून मध्ये एक सोंग उभे करावे लागे. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या कर्नल २.६ पासून त्या सोंगाची गरज संपली. पुढे ते सोंग आणि २०२१ मध्ये ५.१४ या आवृत्तीत तो संपूर्ण जुना आयडीई विभागच कर्नलमधून काढून टाकण्यात आला. त्यामुळे आजच्या कर्नलला ती ओळ कळणारही नाही. अपाय होणार नाही, पण उपायही होणार नाही.

आता मुख्य मुद्दा. सीडी रायटरसाठी लिनक्सवर कंपनीचा ड्रायव्हर कधी शोधावाच लागत नाही. सीडी कशी वाचावी, लेझरची तीव्रता कशी जुळवून घ्यावी, ट्रॅक कसा बंद करावा, या सर्व आज्ञा एमएमसी नावाच्या प्रमाणकात ठरलेल्या आहेत आणि या काळातला जवळजवळ प्रत्येक रायटर त्या पाळतो. या आज्ञांचा साचा स्कझीचा आहे. केबल साटाची असो किंवा यूएसबीची, आत पाठवला जाणारा मजकूर त्याच साच्यातला असतो. म्हणून तुमचा रायटर स्कझी नसतानाही संदेशात स्कझीचे नाव येते. कर्नलचे काम टपाल पोहोचवण्यापुरतेच आहे. सीडी लिहिण्याची सगळी विद्या सीडीरेकॉर्ड, सीडीआरस्किन किंवा क्झोरिसो अशा प्रोग्रॅममध्ये असते.

हे टपाल दोन दारांतून जाऊ शकते. एक दार म्हणजे ‘एसआर_मॉड’ या मॉड्यूलने (मॉड्यूल म्हणजे कर्नलला गरजेनुसार जोडला जाणारा भाग) तयार केलेले ‘/डेव्ह/एसआर०’, ज्यातून तुम्ही सीडी वाचता. दुसरे ‘एसजी’ या मॉड्यूलने तयार होणारे ‘/डेव्ह/एसजी०’, ‘एसजी१’ वगैरे. सीडीरेकॉर्ड रायटर शोधताना या दुसऱ्या दाराने जातो. आर्च लिनक्स आणि त्यावर आधारलेल्या वितरणांत हे एसजी मॉड्यूल आपोआप चढतेच असे नाही. वाचन उत्तम होते आणि लेखन मात्र ‘ड्रायव्हर’च्या नावाने ओरडते, याचा अर्थ बहुधा एवढाच आहे.

कृपया पुढील गोष्टी करून पाहा आणि काय दिसते ते इथे लिहा. प्रथम ‘डीमेसेज’ या कमांडने दिसणाऱ्या कर्नलच्या संदेशांत एसआर० असलेली ओळ शोधा. तिच्यात ड्राइव्हचा वेग येतो आणि त्यानंतर ‘रायटर’ हा शब्द आला, तर लेखनाची क्षमता कर्नलने ओळखली आहे. याचाच दुसरा पुरावा ‘/प्रॉक/सिस/डेव्ह/सीडीरॉम/इन्फो’ या फाइलमध्ये मिळतो. तिथे ‘कॅन राइट सीडी-आर’ या ओळीपुढे १ हवा. त्यानंतर ‘सुडो मॉडप्रोब एसजी’ ही कमांड द्या आणि पुन्हा ‘सीडीरेकॉर्ड -स्कॅनबस’ करा.

ग्रंथसेविका

सविस्तर उत्तराबद्दल आभार. ‘डीमेसेज’मधील ओळीत ‘४८एक्स/४८एक्स रायटर डीव्हीडी-रॅम सीडी/आरडब्ल्यू’ असे आहे, आणि त्या इन्फो फाइलमध्ये सीडी-आर व सीडी-आरडब्ल्यू या दोन्ही ओळींपुढे १ आहे. परंतु मॉडप्रोबची कमांड दिल्यावर ‘मॉड्यूल एसजी नॉट फाउंड इन डिरेक्टरी’ असा संदेश आला आणि पुढे कर्नलच्या आवृत्तीचा क्रमांक असलेल्या फोल्डरचे नाव आले. म्हणजे माझ्या कर्नलमध्ये हे मॉड्यूलच नाही असे समजावे का? कर्नल स्वतः कंपाइल करण्याची वेळ आली, तर ते माझ्याकडून होणार नाही.

सांगलीकर_लिनक्स

कंपाइल करण्याची मुळीच गरज नाही. तुम्ही प्रश्नात ‘सर्व अद्ययावत केलेले आहे’ असे लिहिले आहे, तिथेच उत्तर दडलेले असावे. अपडेटमध्ये कर्नलचे पॅकेज बदलले, तर जुन्या आवृत्तीच्या मॉड्यूलचे फोल्डर पुसले जाते आणि नव्या आवृत्तीचे येते. स्मृतीत मात्र संगणक पुन्हा सुरू करेपर्यंत जुनाच कर्नल चालत राहतो. तो आपल्या आवृत्तीचे फोल्डर शोधतो आणि ते डिस्कवर नसते. अशा अवस्थेत आधीपासून चढलेली मॉड्यूल चालत राहतात; नवे एकही चढत नाही. एसआर_मॉड आधी चढलेले होते म्हणून वाचन चालू आहे, एसजीची पाळी नंतर आली म्हणून ते अडकले. ‘यूनेम -आर’ने चालू आवृत्ती पाहा आणि ‘/लिब/मॉड्यूल्स’मध्ये कोणते फोल्डर आहे ते पाहा; दोन्ही जुळत नसतील, तर संगणक रीस्टार्ट करा.

रीस्टार्टनंतर मॉडप्रोब पुन्हा द्या. ते चालले, की दर वेळी हाताने करावे लागू नये म्हणून ‘/ईटीसी/मॉड्यूल्स-लोड.डी’ या फोल्डरमध्ये ‘एसजी.कॉन्फ’ नावाची फाइल करून तिच्यात फक्त ‘एसजी’ एवढाच शब्द लिहून ठेवा.

आता परवानगीविषयी, कारण पुढची ठेच तिथेच लागते. संगणकासमोर बसून लॉगिन केलेल्या वापरकर्त्याला सिस्टिमडी स्वतःहून या दोन्ही दारांची परवानगी देते. त्या दारांवर ‘एलएस -एल’ केल्यावर परवानगीच्या अक्षरांच्या शेवटी अधिक चिन्ह दिसले, तर ती मिळाली आहे असे समजावे. ‘गेटएफएसीएल’ या कमांडने तुमचे नावही तिथे दिसेल. मात्र दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने आत शिरून सीडी लिहायची असेल, तर ही सवलत मिळत नाही. तेव्हा त्या वापरकर्त्याला ‘ऑप्टिकल’ या गटात घालावे लागते आणि नंतर एकदा बाहेर पडून पुन्हा लॉगिन करावे लागते. डेबियन व उबुंटूमध्ये याच गटाचे नाव ‘सीडीरॉम’ असे आहे, त्यामुळे तिकडच्या लेखांतील कमांड जशीच्या तशी मारली, की ‘असा गट नाही’ हे उत्तर येते.

काही जण अशा वेळी के३बी थेट रूटने, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावाने, चालवण्याचा सल्ला देतात. तो मला पटत नाही. एक परवानगी कमी पडते म्हणून संपूर्ण ग्राफिकल प्रोग्रॅमच्या हाती घराच्या किल्ल्या द्यायचे कारण नाही, आणि त्यातून रूटच्या मालकीच्या फाइल्स तुमच्या फोल्डरमध्ये पडून पुढे निराळीच डोकेदुखी सुरू होते.

के३बी स्नॅप किंवा फ्लॅटपॅक स्वरूपात घेतलेला असेल, तर तेही सांगा. त्या बंदिस्त स्वरूपात प्रोग्रॅमला ड्राइव्हपर्यंत पोहोचता न येण्याची शक्यता असते. वितरणाच्या भांडारातील नेहमीचे पॅकेज घेतलेले बरे.

ग्रंथसेविका

रीस्टार्ट केल्यावर मॉड्यूल चढले. स्कॅनबसमध्ये रायटरचे नाव आले, आणि के३बी (भांडारातलाच आहे) लिहायला तयार झाला. एक व्याख्यान सीडीवर उतरले व ते कार्यालयातील सीडी प्लेअरवर ऐकूनही पाहिले. स्कझीविषयीचा संदेश आता येत नाही.

तथापि दोन नवे प्रश्न आहेत. पहिला असा, की टर्मिनलवरून लिहिताना सुरुवातीलाच ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ असे म्हणत काही इशारे येतात: एमलॉकऑल करता येत नाही, आरआर-शेड्यूलर लावता येत नाही, आणि त्यामुळे बफर अंडररनचा (लिहिताना माहितीचा पुरवठा तुटण्याचा) मोठा धोका आहे. तरीही सीडी तयार होते. या इशाऱ्यांचे काय करावे? दुसरा प्रश्न अधिक त्रासाचा आहे. दुसऱ्या एका डब्यातील कोऱ्या सीडी वापरल्या, तर लेखन सुरू होण्याआधीच काम बंद पडते. संदेश असा आहे: ‘सेन्स की: ०एक्स३ मीडियम एरर’, आणि खाली ‘सेन्स कोड: ०एक्स७३ क्वाल ०एक्स०३ (पॉवर कॅलिब्रेशन एरिया एरर)’. हा पुन्हा ड्रायव्हरचाच दोष आहे का?

मुळाक्षर

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तुम्ही दिलेली ती संदेशाची ओळ या सर्व चर्चेतील सर्वांत मोलाची आहे. सीडी लिहिण्याच्या तक्रारी येतात तेव्हा लोक ‘एरर आली’ एवढेच लिहितात आणि सेन्सच्या आकड्यांची ओळ गाळतात. खरे निदान त्याच ओळीत असते. सेन्स म्हणजे रायटरने स्वतः दिलेला जबाब. जबाब आला याचाच अर्थ आज्ञा तिथवर पोहोचली, ड्राइव्हने ती समजून घेतली आणि उत्तर परत आले. म्हणजेच कर्नल, मॉड्यूल, परवानगी हे सर्व निर्दोष सुटले.

पहिला आकडा वर्ग सांगतो. २ म्हणजे ड्राइव्ह तयार नाही, ३ म्हणजे माध्यमात दोष, ४ म्हणजे ड्राइव्हच्या यंत्रात दोष, ५ म्हणजे आज्ञाच चुकीची किंवा त्या सीडीला न मानवणारी. उदाहरणार्थ, ५ च्या पुढे ३० आणि ०५ आले, तर या प्रकारच्या सीडीवर लिहिता येत नाही असे ड्राइव्ह सांगत असतो. आधीच बंद केलेली सीडी-आर पुन्हा घातली, की हे हमखास दिसते. २ च्या पुढे ३ए आले, तर आत सीडीच नाही, किंवा असूनही ड्राइव्हला ती दिसत नाही.

तुमचा ३, ७३, ०३ हा जबाब लेझरच्या तीव्रतेचा आहे. प्रत्येक सीडी-आरच्या अगदी आतल्या कडेला, माहिती सुरू होण्याच्याही अलीकडे, एक छोटी पट्टी चाचणीसाठी राखलेली असते. लिहिण्यापूर्वी ड्राइव्ह तिथे कमी-जास्त तीव्रतेने खुणा करतो, त्या वाचून पाहतो आणि त्या सीडीच्या रंगद्रव्याला कोणती तीव्रता मानवते ते ठरवतो. या पट्टीत शंभर चाचण्यांची जागा असते, त्यामुळे जागा संपल्याची भीती तुम्हाला नाही. कोणत्याच तीव्रतेला समाधानकारक खूण उमटली नाही, म्हणून ड्राइव्हने हात टेकले आहेत.

एका डब्यातील सीडी लिहिल्या जातात आणि दुसऱ्यातील नाहीत, यावरून पहिला संशय त्या दुसऱ्या डब्यावर जातो. ‘सीडीरेकॉर्ड -एटिप’ ही कमांड दोन्ही प्रकारच्या कोऱ्या सीडींवर चालवून पाहा. कारखान्यातच सीडीच्या सर्पिल खोबणीत कोरलेली माहिती ती वाचून दाखवते: क्षमता, शिफारस केलेला वेग आणि मूळ उत्पादकाचा संकेत. डब्यावरचे नाव आणि आतल्या सीडीचा मूळ उत्पादक हे पुष्कळदा निरनिराळे असतात. त्यानंतर वेग १६एक्स ठेवून पाहा. ‘जितका हळू तितका चांगला’ हा समज जुन्या सीडींच्या काळातला आहे. ४८ किंवा ५२एक्ससाठी बनवलेल्या सीडीला अगदी कमी वेग मानवत नाही, आणि अनेक ड्राइव्ह तो देतही नाहीत. १६एक्सने पूर्ण भरलेली ८० मिनिटांची सीडी साधारण ५ मिनिटांत होते, तेव्हा घाईचेही कारण उरत नाही.

त्या इशाऱ्यांबाबत: सामान्य वापरकर्त्याला प्रोग्रॅम स्मृतीत खिळवून ठेवण्याची आणि इतरांच्या पुढे पाळी घेण्याची मुभा नसते, म्हणून ते येतात. माहितीचा पुरवठा क्षणभर तुटला, की सीडी वाया जायची, त्या काळात त्यांना अर्थ होता. २००० सालच्या आसपास रायटरमध्ये बर्न-प्रूफ आणि तत्सम तंत्रे आली. पुरवठा तुटला तर ड्राइव्ह लेझर थांबवतो आणि नंतर त्याच जागेवरून पुढे लिहितो. के३बी ती सोय चालू ठेवतो; टर्मिनलवर ‘ड्रायव्हरऑप्ट्स=बर्नफ्री’ असे लिहावे. मग ते इशारे वाचून सोडून दिले तरी चालतात.

कोकणी_सर्किट

वरील निदान योग्यच आहे, पण त्यात एक भर घालतो, कारण दुरुस्तीच्या टेबलावर हे नेहमी पाहण्यात येते. डबा बदलल्याने आज काम भागेल. मात्र उत्तम सीडीवरही पुढे हाच जबाब येऊ लागला, तर ड्राइव्हचे लेझर थकले आहे असे समजा. वाचनासाठी लागणारी तीव्रता लेखनाच्या मानाने फारच थोडी असते, त्यामुळे असा ड्राइव्ह वाचत राहतो आणि लोक ड्रायव्हर शोधत बसतात. सीडी आणि डीव्हीडीसाठी निरनिराळी लेझर असतात, म्हणून डीव्हीडी लिहिली जाते आणि सीडी नाही, किंवा याच्या उलट, असेही घडते. भिंगावर धूळ बसलेली असण्याची शक्यता आहे, पण ते साफ करताना कापसाच्या बोळ्याने जोर लावू नका. भिंग अत्यंत नाजूक तारांवर तरंगत असते.

‘डीमेसेज’मध्ये ‘हार्ड रीसेटिंग लिंक’ अशा ओळी लेखनाच्या वेळी दिसत असतील, तर मात्र वळण निराळे. तिथे सेन्सचा जबाब येतच नाही, संपर्कच तुटतो. साटा केबल बदलून पाहा, दुसऱ्या पोर्टवर लावून पाहा, आणि वीजपुरवठा करणारा एसएमपीएस फार जुना असेल तर तोही संशयितांत धरा.

नवा यूएसबी रायटर घेण्याचा विचार झालाच, तर विजेचा हिशेब आधी करा. यूएसबी २ चे पोर्ट ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३ चे ९०० मिलिअँपिअर देण्यास बांधलेले असते. पातळ रायटरला वाचताना तेवढे पुरते. लेझर पेटले आणि मोटर वेग घेऊ लागली, की पुरतेच असे नाही, आणि ड्राइव्ह मध्येच गायब होऊन पुन्हा प्रकट होतो. दोन तोंडांची केबल किंवा स्वतःचा अडॅप्टर असलेला हब वापरावा. पुढच्या पॅनेलवरील पोर्टपेक्षा मदरबोर्डवरचे मागचे पोर्ट बरे.

जुना_वारकरी

मी थोडा वेगळा मार्ग सुचवतो. वाचनालयाचे काम अडलेले आहे, तर त्याच संगणकावर व्हर्च्युअलबॉक्समध्ये जुने विंडोज टाकून तिथून सीडी लिहिता येणार नाहीत का? विंडोजमध्ये हे सर्व विनासायास चालत असे, आणि कर्मचाऱ्यांनाही ते परिचयाचे आहे.

मुळाक्षर

चालेल, परंतु त्यातून काही हाती लागणार नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ड्राइव्हसाठी पासथ्रू चालू केला, की विंडोजच्या आज्ञा याच कर्नलमार्फत याच रायटरकडे जातात. लेझरला ती सीडी मानवत नसेल, तर विंडोजलाही नकारच मिळेल. फक्त सेन्सचे आकडे दडपून एखादी गुळगुळीत चौकट दिसेल. शिवाय एकच ड्राइव्ह दोघांनी एकाच वेळी धरल्याने ‘बिझी’च्या नव्या तक्रारी सुरू होतील. सीडीरेकॉर्ड नकोसा वाटत असेल, तर सीडीआरस्किन वापरून पाहावा. तो लिबबर्न या लायब्ररीवर चालतो, थेट एसआर० या दारानेच जातो, त्यामुळे एसजी मॉड्यूलवाचूनही चालतो, आणि त्याच्या कमांड बहुतांशी सीडीरेकॉर्डसारख्याच आहेत.

ग्रंथसेविका

दोन्ही डब्यांवर एटिप चालवले. छपाई वेगळी असली, तरी चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या सीडींचे उत्पादक-संकेत खरोखरच भिन्न निघाले. १६एक्स वेगाने दुसऱ्या डब्यातील काही सीडी लिहिल्या गेल्या, काहींनी तोच जबाब दिला; त्यामुळे तो डबा बाजूला ठेवला आहे. पहिल्या प्रकारच्या सीडी १६एक्सवर अडथळ्याविना होत आहेत. ‘हार्ड रीसेटिंग’च्या ओळी कोठेही नाहीत.

एक शेवटची शंका. ऑडिओ सीडींबरोबरच मूळ ध्वनिफाइलींच्या डेटा सीडीही जपून ठेवायच्या आहेत. आयएसओ फाइल (संपूर्ण सीडीची एकच प्रतिमा-फाइल) सीडीवर लिहिल्यावर ती ‘डीडी’ या कमांडने परत वाचून एमडी५ (मजकुरावरून काढलेली तपासणीची बेरीज) जुळवून पाहिली, तर शेवटी ‘बफर आय/ओ एरर’ येते आणि बेरीज जुळत नाही. सीडी उघडल्यावर मात्र सर्व फाइल्स ठीक दिसतात.

सांगलीकर_लिनक्स

ती सीडी तुम्ही ‘टीएओ’ पद्धतीने, म्हणजे ट्रॅक-अ‍ॅट-वन्सने लिहिली असणार. त्या पद्धतीत ट्रॅक संपल्यावर ड्राइव्ह दोन जास्तीचे ब्लॉक जोडतो. ते ट्रॅकच्या लांबीत धरले जातात, पण वाचता येत नाहीत. त्यातच लिनक्स पुढचे ब्लॉक आधीच वाचून ठेवण्याच्या प्रयत्नात एका मोठ्या घासात त्या दोन ब्लॉकपर्यंत पोहोचतो, आणि संपूर्ण घासच फसल्याने कधी कधी त्याच्या आधीचे चांगले ब्लॉकही हाती लागत नाहीत. यात सीडी किंवा मॉड्यूल दोषी नाही.

यापुढे डेटा सीडी ‘-एसएओ’ (सर्व एकाच दमात लिहिण्याची पद्धत) हा पर्याय देऊन लिहाव्यात. के३बीमध्ये त्यासाठी लेखनपद्धतीच्या जागी ‘डीएओ’ निवडावे. काही कारणाने टीएओच वापरायचे असेल, तर ‘पॅडसाइझ’ने शेवटी ३०० केबी रिकामी माहिती जोडावी, म्हणजे वाचणाऱ्याचा घास त्या रिकाम्या भागातच अडकेल. बेरीज जुळवताना संपूर्ण सीडी न वाचता आयएसओच्या लांबीइतकेच ब्लॉक वाचावेत. ‘आयएसओसाइझ -डी २०४८ /डेव्ह/एसआर०’ ही कमांड ब्लॉकची संख्या देते; तोच आकडा डीडीच्या ‘काउंट’मध्ये आणि २०४८ हा ‘बीएस’मध्ये घालावा. वाचण्यापूर्वी सीडी एकदा बाहेर काढून पुन्हा आत घाला, नाहीतर कर्नल स्मृतीत साठवलेली जुनीच माहिती दाखवण्याची शक्यता राहते.

आधी टीएओने लिहिलेल्या सीडी या पद्धतीने तपासून पाहा. बेरीज जुळली, तर त्या पुन्हा लिहिण्याची आवश्यकता नाही. शेवटचा घास फसून ती जुळलीच नाही, तर त्या सीडीवरील फाइल्स एकेक करून मूळ फाइल्सशी ‘सीएमपी’ या कमांडने ताडून पाहाव्यात.